यंत्रांची घासाघीस

'मला मान्य आहे' या चौकोनावर टिचकी मारली की करार झाला, एवढाच ऑनलाइन कराराचा आपला अनुभव. त्यामुळे अटी सेवा देणाऱ्याने ठरवायच्या आणि घेणाऱ्याने मान डोलवायची, हा समज घट्ट बसला आहे. तसंच असायला हवं असं मुळीच नाही.

क्लाउड सेवा म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले संगणक. ती किती वेळ चालू राहील, याची हमी टक्क्यांत देतात. 99.9 टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात 43 मिनिटं सेवा बंद पडली तरी करार मोडत नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या शेअर दलालाला ही मिनिटं बाजाराच्या वेळेत, सव्वानऊ ते साडेतीनमध्ये आली तर अनर्थ. मध्यरात्री आली तर पत्ताही लागणार नाही. अंधेरीतल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचं नेमकं उलट, त्याचं रेंडरिंग, म्हणजे संगणकावर अंतिम चित्रं तयार करण्याचं काम, रात्रभर चालतं. दोघांच्या हाती एकच छापील करार का द्यायचा? पण प्रत्येक ग्राहकाशी बोलायला माणूस बसवणं परवडत नाही. म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक प्रोग्रॅम बोलणी करतो. अशा कराराचा मसुदा कसा लिहायचा, याचं मानक ओपन ग्रिड फोरम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलं.

खरी गंमत आहे ती माघार घेण्याच्या गणितात. पेमान फरातिन, कार्लेस सिएरा आणि निकोलस जेनिंग्ज या संशोधकांनी 1998 मध्ये ते मांडलं. समजा, स्टुडिओचा प्रोग्रॅम ताशी 40 रुपयांपासून सुरुवात करतो आणि 100 च्या वर जाणार नाही. मधल्या 60 रुपयांपैकी आत्ता किती सोडायचे? मुदतीपैकी जितका अंश वेळ गेला, त्याचा एक घात काढायचा आणि 60 पैकी तेवढा हिस्सा सोडायचा. घातांक 5 घेतला तर अर्ध्या मुदतीला ½ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम 3 टक्के. बोली 42 रुपयांच्याही आतच. नऊ दशांश मुदत सरली की तीच 75 वर जाते आणि शेवटच्या क्षणांत झपाट्याने चढते. घातांक 1/5 घेतला तर अर्ध्या मुदतीलाच 87 टक्के सोडून बोली 92 वर! पहिल्या हट्टी पद्धतीला 'बुलवेअर' म्हणतात. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे अधिकारी लेम्युएल बुलवेअर कामगार संघटनांपुढे एकच प्रस्ताव ठेवून अडून बसत, त्यांच्यावरून. समोरून आलेला भाव आपल्या पुढच्या बोलीइतका किंवा त्याहून बरा असेल, तर प्रोग्रॅम होकार देतो. दोघेही हट्टी निघाले आणि मुदत टळली, तर करारच नाही.

किमतीपलीकडचे मुद्दे आले की चित्र आणखी सुंदर होतं. प्रत्येक मुद्दा आपल्याला किती महत्त्वाचा, हे सांगणारा भारांक देतात: स्टुडिओ रात्रीच्या हमीला 0.6, किमतीला 0.3, दिवसाच्या हमीला 0.1. सेवादात्याची यंत्रं रात्री रिकामी असतील तर रात्रीची हमी त्याला स्वस्तात पडते. दिवसाची सोडून रात्रीची घेतली की दोघांचाही फायदा.

'एआय समोरच्याच्या मनातलं ओळखतं' अशा जाहिरातींना भुलू नका. प्रोग्रॅम पाहतो ते फक्त आधीच्या बोलींचा कल, आणि त्यावरून अंदाज बांधतो.

कायद्याची आडकाठी नाही: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही. अडतं ते त्या 0.6 वर. एक रात्र बंद पडली तर आपलं किती रुपयांचं नुकसान होतं, हे स्टुडिओने आधी मोजलेलं असायला लागतं.