ऑटोइम्यून हिपॅटायटीस : बी८ पासून ७१व्या जागेपर्यंत

१९५० साली स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी लिव्हरच्या एका चिवट आजाराचं वर्णन केलं. रुग्ण बहुतेक तरुण मुली, रक्तात गॅमा ग्लोब्युलिन (अँटीबॉडी असलेली प्रथिनं) भरमसाट आणि कावीळ काही केल्या हटत नाही. १९५६ मध्ये मेलबर्नच्या इयन मॅके आणि सहकाऱ्यांनी त्याला 'ल्युपॉइड हिपॅटायटीस' म्हटलं, कारण ल्युपस या, प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारात दिसणाऱ्या 'एलई पेशी' इथेही सापडत होत्या. ते नाव मागे पडलं. प्रतिकारयंत्रणाच लिव्हरवर उलटते, हा विचार टिकला; आज या आजाराला ऑटोइम्यून हिपॅटायटीस म्हणतात.

हा कल वारशाने येतो का, याचा पहिला धागा अवयवरोपणाच्या कामातून मिळाला. रोपणाआधी पांढऱ्या पेशींवरच्या एचएलए नावाच्या खुणा जुळवून पाहतात. १९७२ मध्ये मॅके आणि रोपणतज्ज्ञ पीटर मॉरिस यांना या रुग्णांत ए१ आणि बी८ या खुणा निरोगी लोकांपेक्षा जास्त दिसल्या. पण खरा आरोपी बी८ नव्हता. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर ही जनुकं इतकी खेटून आहेत की सहसा एकत्रच पुढच्या पिढीत उतरतात. युरोपीय लोकांत ए१-बी८-डीआर३ अशी साखळीच असते, आणि धोका मुख्यतः शेवटच्या कडीत होता. १९९१ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने डीआर४ हा वेगळा, स्वतंत्र धोका असल्याचं दाखवलं. डीआर३ वाल्यांचा आजार लहान वयात सुरू होतो आणि औषधांना दाद कमी देतो. डीआर४ वाले बहुधा उतारवयातले आणि उपचारांना बरे.

डीआर हा खोबण असलेला रेणू. प्रथिनाचा तुकडा त्या खोबणीत धरून तो टी-पेशीला, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशीला, दाखवतो. डीआर३ चा प्रकार डीआरबी१*०३:०१ आणि डीआर४ चा प्रकार *०४:०१ या दोन्हींत अमिनो आम्लांच्या साखळीतल्या ७१व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असतं. संरक्षक मानल्या गेलेल्या *१५:०१ मध्ये तिथे अॅलनिन. लायसिनवर धन विद्युतभार असल्याने खोबणीत कोणता तुकडा बसेल, हे बदलतं. जपानमधल्या *०४:०५ मध्ये त्या जागी आर्जिनिन, म्हणजे पुन्हा धनभारच. इथवर सगळं छान जुळलं. मग दक्षिण अमेरिकेने घोळ केला. अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये, विशेषतः मुलांत, *१३:०१ पुढे आला आणि त्याच्या ७१व्या जागी आहे ऋणभारित ग्लुटामिक आम्ल! अर्जेंटिनात हीच खूण लांबलेल्या हिपॅटायटीस ए शीही जोडलेली आढळली. तेव्हा तिथे ठिणगी वेगळी असावी, हा तर्क पटण्यासारखा आहे.

२०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या ६४९ रुग्णांचा सगळा जनुकसंच चाळला गेला. सर्वात ठळक संकेत पुन्हा एचएलएचाच. त्याबाहेरचे, एसएच२बी३ या जनुकासारखे संकेत क्षीण.

भारतात बी८-डीआर३ सोबत ए१ ऐवजी बहुधा ए२६ दिसतो, त्यामुळे युरोपीय तक्ते इथे जसेच्या तसे लावू नयेत. शिवाय डीआर३ असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर निरोगी राहतात. १९९९ च्या निदान-गुणांकनात डीआर३ किंवा डीआर४ ला एक गुण होता. २००८ च्या सोप्या पद्धतीत तोही गेला. उरल्या चार गोष्टी : अँटीबॉडी, आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या अँटीबॉडीची एकूण पातळी), बायोप्सी आणि विषाणूजन्य हिपॅटायटीस नसणं. ६ गुणांना निदान संभाव्य, ७ ला निश्चित. एचएलएचा महागडा रिपोर्ट घेऊन येणाऱ्याला हेच सांगावं लागतं.

जनुकं जमीन तयार करतात, बी बाहेरून पडतं. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये मुंबईत गुळवेल घेतलेल्या सहा जणांना लिव्हरची इजा झाली, तिचं रूप ऑटोइम्यूनसारखं होतं. गुळवेलीने असा आजार निर्माण केला की दडलेला उघड केला, हे एका तपासणीत ठरत नाही. ते बहुधा नंतर ठरतं : निव्वळ औषधाने झालेला त्रास उपचारासाठी दिलेलं स्टेरॉइड बंद केल्यावर सहसा परतत नाही, मूळचा आजार बऱ्याचदा परततो. म्हणून स्टेरॉइड थांबवल्यावरही एसजीपीटी (लिव्हरची इजा दाखवणारी रक्तातली एन्झाइम-चाचणी) आणि आयजीजी ठरावीक अंतराने तपासत राहावं लागतं.