सेनेका-पौल पत्रव्यवहार

रोमन स्टोइक (विवेकानुसार जगण्यावर भर देणाऱ्या पंथाचा) तत्त्वज्ञ सेनेका (इ. स. पू. सु. ४–इ. स. ६५) व ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक प्रेषित पौल यांच्या नावांवरील १४ छोट्या लॅटिन पत्रांचा बनावट संग्रह. त्यांतील ८ पत्रे सेनेकाच्या आणि ६ पौलाच्या नावे आहेत.

बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या १८व्या अध्यायात पौलाला ज्या गल्लियो या रोमन प्रांताधिपतीपुढे उभे केले जाते, तो सेनेकाचा सख्खा भाऊ होता. दोघांच्या ओळखीची कल्पना रुजायला एवढा दुवा पुरेसा ठरला असावा.

रचनाकाळाबाबत दोन साक्षी महत्त्वाच्या आहेत. कोणी मार्ग दाखविला असता, तर सेनेका खऱ्या ईश्वराचा उपासक होऊ शकला असता, असे ख्रिस्ती लेखक लॅक्टँशिअसने चौथ्या शतकाच्या आरंभी लिहिले. ही पत्रे ठाऊक असणारा लेखक असे लिहील, हे संभवत नाही. उलट बायबलचा लॅटिन अनुवादक जेरोमने इ. स. ३९२-९३च्या सुमारास ख्रिस्ती ग्रंथकारांच्या चरित्रसूचीत सेनेकाला स्थान दिले, ते ‘पुष्कळांच्या वाचनात असलेल्या’ या पत्रांमुळेच, आणि त्यांतील एका वाक्याचा आशयही त्याने नोंदविला. तेव्हा बहुतेक पत्रे या दोन ग्रंथांच्या दरम्यानची मानणे सयुक्तिक दिसते. काही पत्रांचा गाभा याहून जुना असल्याचे मतही मांडले गेले आहे, पण त्याला फारसा पाठिंबा मिळालेला नाही. रोमच्या आगीविषयीच्या पत्राचा (सामान्यतः ११वे) प्रश्न वेगळा आहे. सहा दिवसांत १३२ प्रशस्त घरे आणि ४,००० चाळवजा इमारती जळाल्याचा तपशील त्यात येतो. मात्र पत्रावरील तारीख २८ मार्च ६४ असून आग त्याच वर्षीच्या जुलैत लागली. या विसंगतीमुळे, तसेच भाषेच्या निराळेपणामुळे, काही अभ्यासक ते दुसऱ्या हातचे समजतात.

पत्रांत स्टोइक विचार जवळजवळ नाहीच. सेनेका पौलाच्या पत्रांतील आशयाची थोरवी मान्य करतो, पण शैली अधिक घोटीव असावी असे सुचवितो आणि शब्दसमृद्धीवरील एक पुस्तक त्याला धाडतो. शेवटच्या पत्रात पौल त्याला ख्रिस्ताचा संदेशवाहक होण्यास सांगतो. ईश्वर माणसाच्या अंतरी वसतो, हे सेनेकाच्या अस्सल ४१व्या नैतिक पत्रातील वचन पौलाच्या शिकवणुकीजवळ जाते खरे. परंतु स्टोइकांचा ईश्वर हे सृष्टीत भरून राहिलेले विवेकतत्त्व आहे, आणि हा मूलभूत फरक बनावट पत्रांच्या कर्त्याने विचारातच घेतलेला नाही.

मध्ययुगात संग्रह खरा मानला जाई. आठव्या शतकाच्या अखेरीस विद्वान धर्मगुरू आल्क्विनने त्याची प्रत फ्रँकांचा राजा शार्लमेनला अर्पण केली, आणि त्याची तीनशेहून अधिक हस्तलिखिते उपलब्ध आहेत. मानवतावादी पंडित इरॅस्मसने सोळाव्या शतकात तो ठामपणे नाकारला. प्राचीन रोमचे बंदर असलेल्या ऑस्तिया येथे १८६७ मध्ये सापडलेल्या एका थडग्याच्या लेखात ‘मार्कस अनीअस पौलस पेत्रस’ हे नाव आढळते. अनीअस हे सेनेकाचे कुलनाम असल्याने त्या लेखाची बरीच चर्चा झाली. पण लेख सेनेकानंतर फार उशिराचा असून पत्रांच्या खरेपणाविषयी तो काहीही सिद्ध करीत नाही.