लहान वन्य मांजरांचा पिंजरा मागवण्यापूर्वी

प्राणिसंग्रहालये, वन विभागाची उपचार केंद्रे आणि नगरपालिकांचे उद्यान विभाग यांच्यासाठी माहितीपत्रक

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मागणीपत्रांत दोनच गोष्टी विचारलेल्या असतात: अमुक चौरस फुटांचा पिंजरा हवा आहे, आणि त्याचा दर काय पडेल. वाघ किंवा बिबट्याच्या बाबतीत बोलणे क्षेत्रफळापासून सुरू झाले तर आमची हरकत नसते. परंतु वाघाटी (रस्टी-स्पॉटेड कॅट), रानमांजर (जंगल कॅट), लेपर्ड कॅट (बिबट्यासारखे ठिपके असलेले लहान वन्य मांजर) किंवा फिशिंग कॅट यांच्या बाबतीत जमिनीचे माप हा प्रश्न बराच नंतर येतो. वाघाचा नकाशा निम्म्या मापात काढला म्हणजे वाघाटीचा पिंजरा तयार होत नाही. आमच्या दरपत्रकात इतरांकडे नसलेल्या काही बाबी दिसतात आणि त्यावर हिशेब विभागाकडून विचारणाही होते. त्या बाबी तेथे का आहेत, हे या पत्रकात सांगितले आहे.

प्राणी कोणता, हे आधी ठरवावे

"स्मॉल कॅट एन्क्लोजर, ४ नग" अशा मागणीवर आम्ही काम सुरू करत नाही. वाघाटीचे वजन साधारण एक ते दीड किलो असते, म्हणजे घरातल्या मांजरापेक्षाही ती लहान. ती रात्री हिंडते, झाडावर सहज चढते आणि स्वतः शिकारी असली तरी तिच्यापेक्षा मोठ्या प्रत्येक प्राण्याची तिला धास्ती असते. रानमांजर तिच्या कितीतरी पट मोठे, लांब पायांचे, गवताळ रानात, बोरूच्या बेटांत आणि शेताच्या बांधांवर वावरणारे; ते चढू शकते, पण त्याचा खरा वावर जमिनीवर आणि उंच गवताच्या आडोशाने असतो. फिशिंग कॅट पाणथळ जागेत राहते, पाण्यात उतरून मासे धरते, आणि तिला उथळ काठाचा हौद न देता केवळ पिण्याचे भांडे दिले तर बाकीची सारी सजावट व्यर्थ आहे. तेव्हा वाघाटीला फांद्या, रानमांजराला गवत आणि फिशिंग कॅटला पाणी ही किमान विभागणी धरूनच आम्ही नकाशा काढतो, आणि एकच नकाशा तिघांसाठी वापरण्याची सूचना आम्ही मान्य करत नाही.

उंची, फांद्या आणि लपण्याची जागा

लहान मांजरांना पिंजऱ्यात काय लागते यावर अंदाजाने बोलण्याची आता गरज राहिलेली नाही. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील कॅथी कार्लस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेपर्ड कॅटवर केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. उघड्याबोडक्या पिंजऱ्यांत, तेही मोठ्या शिकारी प्राण्यांच्या शेजारी, हलवल्यानंतर या मांजरांच्या मूत्रातील कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढले. त्याच पिंजऱ्यांत फांद्या आणि लपण्याच्या जागा केल्यावर ते उतरले आणि येरझाऱ्याही कमी झाल्या. या प्रयोगात पिंजऱ्याचे क्षेत्रफळ वाढवलेले नव्हते, हे आमच्या ग्राहकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. ब्राझीलमध्ये टिग्रीना आणि मार्गे या दोन लहान मांजरांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही मोठ्या, सजवलेल्या पिंजऱ्यातून लहान, रिकाम्या पिंजऱ्यात नेल्यावर तणाव वाढल्याचे दिसले. ढगाळ बिबट्यांच्या (क्लाउडेड लेपर्ड) २००२ सालच्या अभ्यासात उंच पिंजऱ्यातील प्राण्यांमध्ये तणावाची पातळी कमी आढळली, तर ज्यांना दुसरे शिकारी प्राणी समोर दिसत होते त्यांच्यात ती जास्त होती.

यावरून आमचे काही नियम ठरले आहेत. वाघाटी आणि लेपर्ड कॅट यांच्यासाठी आम्ही दहा फुटांपेक्षा कमी उंची सुचवत नाही. आत बसवलेल्या फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या, आडव्या-तिरप्या आणि एकमेकींना जोडलेल्या असाव्यात, म्हणजे मांजराला जमिनीवर न उतरता पिंजऱ्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाता येईल. मधोमध एकच वाळका बुंधा उभा करून ठेवला तर तो छायाचित्रात चांगला दिसतो, मांजराला त्याचा उपयोग थोडाच होतो. बाभूळ किंवा आंबा यांचे सालीसकट ओंडके उत्तम. साल तासून त्यावर वॉर्निश लावू नये, कारण नखे घासण्यासाठी सालच लागते.

लपण्याच्या लाकडी पेटीबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण दरपत्रकातून सर्वांत आधी तीच वगळली जाते. वाघाटीसाठी आम्ही आतून साधारण दीड फूट लांब, रुंद आणि उंच अशी पेटी देतो. तिचे तोंड पाच इंचांचे असते आणि तोंडाच्या आत लगेच एक आडवी फळी असते, म्हणजे मांजर वळून आत शिरते आणि तोंडातून येणारा उजेड थेट तिच्या अंगावर पडत नाही. पेटी जमिनीपासून सहा-सात फुटांवर, मागच्या भिंतीला टेकवून बसवतो. झाकण मात्र मागच्या गल्लीतून उघडते, त्यामुळे कर्मचाऱ्याला पिंजऱ्यात न शिरता पिल्ले पाहता येतात. प्रत्येक मांजरामागे एक आणि वर एक जादा, असे पेट्यांचे गणित धरावे. पिल्ले झालेली मादी जागेला थोडा जरी धोका वाटला तरी पिल्ले तोंडात धरून हलवते. हलवायला दुसरी जागाच नसेल तर ती त्यांना घेऊन दिवसभर फिरत राहते आणि त्यात पिल्ले दगावतात.

"प्राणी दिसत नाही" ही तक्रार

पेटी वगळण्यामागचे खरे कारण बहुधा खर्च नसतो. प्रेक्षक तक्रार करतात, हे असते. तिकीट काढून आलेल्या माणसाला रिकामा पिंजरा पाहावा लागला तर तो नाराज होणारच. तरीही लपण काढून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. चारही बाजूंनी जाळी आणि चारही बाजूंनी माणसे, अशा जुन्या धर्तीच्या पिंजऱ्यात मांजर एक तर कोपऱ्यात पाठ लावून बसते किंवा पुढच्या जाळीलगत येरझाऱ्या घालते. आपल्या सध्याच्या पिंजऱ्यातील माती एकदा नीट पाहावी. जाळीलगत गुळगुळीत, गवत उगवत नसलेली पायवाट पडलेली असेल तर ती कोठून कोठवर जाते आणि कोणत्या वेळी प्राणी तेथे फिरतो, हे रोज खाणे देणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारावे. नव्या पिंजऱ्याच्या नकाशासाठी ही माहिती आम्हाला कोणत्याही मोजमापापेक्षा अधिक उपयोगी पडते.

आम्ही प्रेक्षकांसाठी एकच बाजू उघडी ठेवतो. उरलेल्या तीन बाजू भिंतीच्या, बांबूच्या ताट्यांच्या किंवा दाट वेलींच्या असतात. बसण्याची मचाणे माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर, समोरून दिसतील पण मागून झाकलेली राहतील अशी बसवतो. वरून खाली पाहायला मिळाले की मांजर उघड्यावर बसायला पुष्कळ लवकर तयार होते. प्रेक्षक आणि जाळी यांच्यात कठडा हवाच, आणि कठडा व जाळी यांच्यामध्ये झुडपे लावली तर हात पुढे करून काड्या खुपसणाऱ्यांचाही बंदोबस्त होतो. जाळीला समोरून काळा, चमक नसलेला रंग दिला की नजर जाळीवर न अडकता आतल्या प्राण्यावर जाते. चंदेरी रंग दिलेल्या जाळीमागचे ठिपक्यांचे मांजर पाच फुटांवरूनही धड दिसत नाही, आणि मग दोष पिंजऱ्यातील झाडोऱ्याला दिला जातो.

जाळी, दरवाजे आणि छत

वाघाटीसाठी एक इंच चौकटीची, बारा गेजची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली जाळी) योग्य ठरते. दोन इंची चेनलिंक (तारा विणून केलेली जाळी) स्वस्त पडते, परंतु तिच्यातून वाघाटीचे पिल्लू डोके घालू शकते, आणि तिची वीण एका ठिकाणी तुटली की पुढे उसवत जाते. जमिनीलगतचे तीन फूट आम्ही अर्ध्या इंचाची जाळी किंवा पक्की भिंत सुचवतो, म्हणजे उंदीर, साप आणि मुख्य म्हणजे भटकी मांजरे यांचा संपर्क राहत नाही. पॅनल्युकोपेनिया हा मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार भटक्या मांजरांकडूनच प्राणिसंग्रहालयात शिरण्याची भीती अधिक असते. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून जाळी जमिनीखाली दीड ते दोन फूट न्यावी. छत पूर्ण बंद हवे, त्यात तडजोड नाही. एक तृतीयांश भागावर पत्रा किंवा कौले आणि उरलेल्यावर जाळी.

वेल्डिंग झाल्यानंतर केलेले हॉट डिप गॅल्व्हनायझिंग, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला मुलामा, कोकण आणि गोव्याच्या हवेत टिकते. आधी गॅल्व्हनाइज केलेल्या जाळीला नंतर वेल्डिंग केले तर प्रत्येक सांध्यावर दोन पावसाळ्यांत गंज धरतो. नव्या जाळीवर जस्ताचे थेंब व पांढरी भुकटी राहते, ती आम्ही ब्रशने घासून आणि व्हिनेगरच्या पाण्याने धुऊनच माल पाठवतो, कारण मांजरे पंजे चाटतात आणि पोटात गेलेले जस्त विषारी असते.

रात्रनिवाऱ्याचा दरवाजा वरून पडणारा नको, आडवा सरकणारा हवा. वरून पडणाऱ्या दरवाजात शेपूट सापडते, आणि त्याच्या आवाजाने दचकलेले मांजर पुढे काही दिवस संध्याकाळी आत यायला तयार होत नाही. दोरी ओढणाऱ्याला तो दरवाजा दिसलाच पाहिजे. कोपऱ्याआडून अंदाजाने ओढायची रचना आम्ही करून देत नाही. कर्मचाऱ्याच्या प्रवेशाला एकामागे एक असा दुहेरी दरवाजा असावा. नर आणि मादी एकत्र ठेवायची असली तरी रात्रनिवारे दोन हवेत आणि मध्ये जाळीचा दरवाजा हवा, कारण ही मांजरे एकेकटी राहणारी आहेत.

जमीन आणि फिनाईल

टाइल्स बसवून मागणारे ग्राहक अजूनही आहेत, आणि स्वच्छतेची त्यांची काळजी रास्तच आहे. रात्रनिवाऱ्यात उताराची, घोटीव सिमेंटची जमीन आम्हीही देतो. बाहेरच्या भागात मात्र माती, वाळू आणि पालापाचोळा हवा. विष्ठा रोज उचलावी आणि वरचा थर अधूनमधून बदलावा. मांजर आपल्या हद्दीवर वासाच्या खुणा करते. रोज सकाळी संपूर्ण पिंजरा पाइप लावून धुतला तर त्या खुणा पुसल्या जातात आणि तिला रोज नव्याने परक्या जागेत राहावे लागते.

काळे किंवा पांढरे, कोणतेही फिनाईल मांजरकुळाच्या पिंजऱ्यात वापरू नये, अशी आमची प्रत्येक ग्राहकाला आग्रहाची विनंती आहे. फिनॉल गटातील रसायने मांजराच्या यकृताला नीट मोडता येत नाहीत, त्यामुळे पंजे चाटण्यातूनही विषबाधा होऊ शकते. शिवाय पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूवर त्यांचा भरवसाही नाही. प्राणी दुसऱ्या कप्प्यात घेऊन, घरगुती ब्लीचच्या एका भागात ३२ भाग पाणी घालून जमीन दहा मिनिटे ओली ठेवावी, मग भरपूर पाण्याने धुऊन कोरडी करावी. आपल्या पशुवैद्यकांनी वेगळे सांगितले असल्यास अर्थात त्यांचेच ऐकावे.

विदर्भातील उन्हाळ्याबद्दल वेगळी सूचना: चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याखाली सहा फुटांवर बसवलेली लाकडी पेटी मे महिन्यात भट्टी होते. तेथे दुहेरी छत, त्यावर पालापाचोळा किंवा गवताचा थर, आणि जमिनीलगत मातीत अर्धी पुरलेली एक जादा पेटी आम्ही दरपत्रकात धरतो.

कायदा आणि आमच्या मर्यादा

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झाले आणि प्राणिसंग्रहालय मान्यता नियम २००९ मध्ये पिंजरे व रात्रनिवारे यांच्याविषयीच्या अटी आहेत. त्यांत दिलेली मापे किमान आहेत, आदर्श नव्हेत. प्राधिकरणाची मान्यता नसलेल्या जागेसाठी आम्ही काम घेत नाही, आणि हौसेखातर रानमांजर पाळू इच्छिणाऱ्यांनी आमच्याकडे चौकशी करू नये. तो वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. उसाच्या तोडणीत वाघाटीची किंवा रानमांजराची पिल्ले सापडली तर त्यांना पिंजऱ्याची नव्हे, आईची गरज असते. १९२६ या वन विभागाच्या क्रमांकावर कळवावे. पिल्ले ठणठणीत असतील तर संध्याकाळी त्याच शेतात ठेवून आई त्यांना नेते का, हे आधी पाहिले जाते. या कामासाठी लागणारे हवेशीर क्रेट आम्ही उपचार केंद्रांना ना नफा तत्त्वावर देतो.

मागणीपत्रासोबत प्राण्याची जात, संख्या, नर-मादी, वय, जागेचा उत्तर दिशा दाखवलेला कच्चा नकाशा, दुपारी बारा वाजता काढलेली जागेची छायाचित्रे आणि शेजारच्या पिंजऱ्यांत कोणते प्राणी आहेत, ही माहिती पाठवावी. शेजारी बिबट्या, तरस किंवा कुत्र्यांचे निवारे असतील तर आम्ही आधी जागा बदलण्याचा सल्ला देतो. काम पूर्ण झाल्यावर रंग व वेल्डिंगचा वास जाईपर्यंत, म्हणजे निदान तीन आठवडे, पिंजरा रिकामा ठेवावा. त्यानंतर मांजराची जुनी पेटी न धुता आणून आत ठेवावी आणि मगच मांजर सोडावे. नव्या पेट्यांचा वापर सुरू झाला तरी जुनी पेटी महिनाभर काढू नये.