डॉक्टर बदलताना वैद्यकीय नोंदी पुढे कशा पाठवाव्यात: कोण मागू शकतो, काय जोडावे, काय मागावे

घर बदलते, फॅमिली डॉक्टर निवृत्त होतात, किंवा मोठ्या रुग्णालयातले उपचार संपवून रुग्ण पुन्हा जवळच्या दवाखान्यात येतो. अशा प्रत्येक वेळी रुग्णाबरोबर त्याच्या आजाराची माहितीही पुढे जायला हवी. ती आपोआप जाते असे अनेकांना वाटते. काही देशांत तशी व्यवस्था आहे. इंग्लंडमध्ये नव्या दवाखान्यात नाव नोंदवले की जुन्या नोंदी तिकडे पाठवल्या जातात. पण बहुतेक ठिकाणी त्या मागाव्या लागतात, आणि मागण्याची योग्य वेळ म्हणजे जुन्या डॉक्टरांची शेवटची भेट होण्याआधी. दवाखाना बंद झाल्यावर फाइल कोणाकडे आहे हे शोधण्यातच आठवडे जातात.

अर्ज कोण करू शकतो

सज्ञान रुग्ण स्वतः अर्ज करू शकतो. लहान मुलांसाठी आईवडील किंवा कायदेशीर पालक अर्ज करतात. मात्र समज आलेल्या किशोरवयीन मुलांच्या बाबतीत काही देशांत त्यांचीही संमती लागते. रुग्ण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर न्यायालयाने नेमलेली किंवा आधी अधिकार दिलेली व्यक्ती त्याच्या वतीने नोंदी मागू शकते.

सगळ्यात जास्त अडचण येते ती जोडीदाराची आणि मोठ्या झालेल्या मुलांची. वर्षानुवर्षे आईची औषधे तुम्हीच आणत असाल, प्रत्येक तपासणीला तुम्हीच सोबत जात असाल, तरी तेवढ्याने तिच्या नोंदींवर तुमचा हक्क आपोआप तयार होत नाही. तिच्या सहीचे अधिकारपत्र लागते. ते ती ठणठणीत असतानाच करून दवाखान्याच्या फाइलमध्ये लावून ठेवा, असे मी आग्रहाने सांगेन. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहून सही मिळवणे शक्य नसते.

रुग्णाच्या मृत्यूनंतरही डॉक्टरांवरचे गोपनीयतेचे बंधन संपत नाही. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या जिनिव्हा जाहीरनाम्यात हे स्पष्ट लिहिले आहे. त्यामुळे वारसांना नाते आणि कारण, दोन्ही दाखवावे लागते.

सोबत काय जोडायचे

सही केलेला अर्ज, छायाचित्र असलेले ओळखपत्र, आणि जुन्या दवाखान्यातला नोंदणी क्रमांक किंवा एखादा जुना केस पेपर. दुसऱ्यासाठी अर्ज असेल तर अधिकारपत्र किंवा पालकत्वाचा कागद, आणि दोघांची ओळखपत्रे. मृत रुग्णासाठी मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका, कारण नोंदी देण्याची मुदत तिथून मोजली जाते.

साधारणपणे मूळ फाइल दवाखान्याकडेच राहते आणि तुम्हाला प्रत मिळते. मूळ कागद हट्टाने मागू नका. पुढे वाद झाला तर तो तिथेच असणे तुमच्याही हिताचे असते.

अर्जात काय लिहायचे

“माझी सर्व कागदपत्रे द्यावीत” असा अर्ज चालतो, पण त्यातून हाती येतो जाडजूड गठ्ठा. नवीन डॉक्टर पहिल्या पंधरा मिनिटांत तो वाचू शकत नाहीत. म्हणून प्रती मागाच, पण त्याबरोबर एक-दोन पानांचा सारांशही मागा. मजकूर साधारण असा असावा:

“मी आपल्याकडे अमुक वर्षापासून उपचार घेत आहे. यापुढील उपचार मी डॉ. अमुक यांच्याकडे घेणार आहे. उपचारात खंड पडू नये यासाठी माझ्या आजारांचा व औषधांचा सारांश, तसेच गेल्या अमुक वर्षांतील तपासण्यांचे अहवाल त्यांना द्यावेत व एक प्रत मला द्यावी. ही संमती केवळ उपचारासाठी असून अमुक तारखेपर्यंत लागू राहील.”

संमतीत कोणाला, कोणती माहिती, कशासाठी आणि कधीपर्यंत या चारही गोष्टी असाव्यात. कोरी, मुदत नसलेली संमती देऊ नका. विमा कंपनी किंवा नोकरीच्या ठिकाणासाठी संमती वेगळी असते. ती उपचाराच्या संमतीत मिसळू देऊ नका.

सारांशात काय हवेच हवे

आजारांची नावे आणि चालू गोळ्या सगळेच लिहितात. खरी उणीव राहते ती “का” याची.

बंद केलेली औषधे आणि ती बंद करण्याचे कारण जरूर लिहून घ्या. समजा रक्तदाबासाठी एनालाप्रिल सुरू केले होते आणि कोरड्या खोकल्याने रुग्ण हैराण झाला म्हणून ते बदलले. हा खोकला त्या गटातल्या औषधांचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. हे लिहिलेले नसेल, तर नवीन डॉक्टर त्याच गटातले दुसरे औषध देऊ शकतात आणि खोकल्याच्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. मेटफॉर्मिनचा डोस मूत्रपिंडाच्या अहवालामुळे कमी केला असेल, तर तेही लिहिलेले हवे. नाहीतर साखर वाढलेली पाहून कोणीतरी तो डोस पुन्हा वाढवतो.

ॲलर्जीबाबत नुसते “पेनिसिलीन चालत नाही” पुरेसे नाही. उलटी झाली होती, अंगावर गांध्या उठल्या होत्या, की श्वास अडकला होता? पहिल्या उत्तराचा अर्थ आणि तिसऱ्या उत्तराचा अर्थ यांत मोठा फरक आहे. उलटी झाली म्हणून आयुष्यभर एक चांगले औषध टाळले जाते, हे अनेक रुग्णांच्या बाबतीत घडते.

जुना ईसीजी जपून न्या. छातीत दुखू लागल्यावर काढलेल्या आलेखात दोष दिसला, तर तो आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, हे जुना कागद समोर असल्याशिवाय ठरवणे अवघड असते. मूत्रपिंडाचे काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनसारख्या तपासण्यांचेही तसेच: एकट्या आकड्यापेक्षा तो कसा बदलत गेला ते महत्त्वाचे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) किती राखायचा आणि पुढची तपासणी कधी, हे सारांशात ठळक असावे. झालेल्या शस्त्रक्रिया आणि लसीकरणाच्या तारखाही हव्यात.

नाजूक नोंदी

मानसिक आरोग्य, एचआयव्ही, गर्भपात, व्यसनमुक्ती यांच्या नोंदींबद्दल रुग्णाला संकोच वाटतो, आणि तो रास्त आहे. भारतात एचआयव्हीविषयीची माहिती उघड करण्यासाठी 2017 च्या कायद्यानुसार रुग्णाची संमती लागते. उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या डॉक्टरांना गरजेपुरती माहिती देणे असे मोजके अपवाद आहेत. अमेरिकेत मानसोपचाराच्या संवादाची स्वतंत्र ठेवलेली टिपणे वेगळ्या परवानगीशिवाय सहसा पाठवता येत नाहीत.

तपशील राखून ठेवायचा तुम्हाला हक्क आहे. पण औषधाचे नाव लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. लिथियम हे मानसिक आजारावरचे औषध घेणाऱ्या रुग्णाला नेहमीच्या काही वेदनाशामक गोळ्या किंवा लघवी वाढवणारे औषध दिले, तर रक्तातले लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते. संवादाची टिपणे मागे ठेवा, गोळीचे नाव मात्र सांगा.

मुदत, शुल्क आणि नकार

भारतात 2002 च्या व्यावसायिक आचारविषयक विनियमांनुसार, रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यावर पोच देऊन 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, म्हणून जुने डिस्चार्ज कार्ड मागायला उशीर करू नका. युरोपीय संघात मुदत 1 महिन्याची असून गुंतागुंतीच्या प्रकरणी आणखी 2 महिने मिळतात. तिथल्या न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये स्पष्ट केले की वैद्यकीय नोंदींची पहिली प्रत मोफत आहे आणि ती का हवी हे रुग्णाने सांगण्याची गरज नाही. अमेरिकेत 30 दिवस आणि एकदा 30 दिवसांची वाढ. थकीत बिलाचे कारण देऊन प्रत अडवता येत नाही, हेही तिथे स्पष्ट आहे.

नकार मिळाला तर कारण लेखी मागा. मग वैद्यकीय परिषद किंवा माहिती संरक्षण प्राधिकरण, जिथे जे असेल, तिथे पोच जोडून तक्रार करता येते. नोंदीत चूक आढळली तर दुरुस्तीचा अर्ज करा; जुनी नोंद सहसा खोडत नाहीत, तिच्यासोबत दुरुस्ती जोडतात.

ऑनलाइन नोंदी असतील तर

भारतात 14 अंकी आभा क्रमांकाला (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याच्या क्रमांकाला) जोडलेल्या नोंदी रुग्णाच्या संमतीने दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात. मागणी कोणी केली, कोणत्या नोंदी आणि किती काळासाठी, हे वाचूनच मंजुरी द्या; दिलेली संमती मागेही घेता येते. मात्र जे दवाखान्याने जोडलेच नाही, ते तिथे दिसणार नाही. म्हणून सारांशाचा कागद तरीही हवाच.

नवीन डॉक्टरांची पहिली भेट

फाइलसोबत घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्याही घेऊन जा आणि सारांशातल्या यादीशी एकेक ताडून पाहा. कागदावर एक डोस आणि पट्टीवर दुसरा, असे वरचेवर निघते. शेवटी एक प्रश्न आवर्जून विचारा: कोणत्या तपासणीचा अहवाल अजून यायचा आहे का? दोन दवाखान्यांच्या मधल्या काळात आलेला अहवाल जुन्या डॉक्टरांच्या टेबलावर पडून राहतो आणि नव्या डॉक्टरांना त्याचा पत्ताच नसतो. तो कोण मागवणार आणि कोण वाचणार, हे त्याच भेटीत ठरवून केस पेपरवर लिहून घ्या.