टॉकीजच्या पॉपकॉर्नची चव आली कुठून?

घरी पॉपकॉर्न करणाऱ्यांची तक्रार सोलापुरात काय आणि आणखी कुठं काय, एकच: दाणे फुलतात झकास, पण टॉकीजसारखे लागत नाहीत. मग बटर वाढवलं जातं आणि लाह्या मऊ पडतात. मीठ वाढवावं तर ते पातेल्याच्या तळाशी जाऊन बसतं. टॉकीजच्या त्या चवीत मक्याचा वाटा थोडा आणि बटरचा त्याहूनही थोडा. गेल्या सव्वाशे वर्षांत यंत्र, तेल आणि मीठ यांच्या धंद्यातून ती ठरत गेली.

लाह्या फोडणं सोलापूरकरांना शिकवायची गरज नाही. नागपंचमीला तवा ठेवायचा नाही, म्हणून ज्वारीच्या लाह्या आधीच फोडून ठेवायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत. ज्वारीवर गरम पाणी शिंपडून ती फडक्यात बांधून रात्रभर ठेवायची. दुसऱ्या दिवशी लोखंडी कढई चांगली तापली की मूठभरच दाणे टाकायचे आणि कापडाच्या बोळ्यानं भराभर फिरवायचे. बोळा उचलायला जरा उशीर झाला की निम्म्या लाह्या चुलीपाशी उडालेल्या आणि उरलेल्या करपलेल्या. सगळी ज्वारी फुलतही नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं खास लाह्यांसाठी ‘फुले पंचमी’ नावाचा वाण काढला आहे, त्याच्या नावातच सण आहे.

रात्रीचं ते पाणी शिंपडणं हीच लाहीची खरी गोम. दाण्याच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, दाब वाढतो, कवच फुटतं आणि आतला पिठूळ भाग फसफसून बाहेर येऊन तिथंच गोठतो. मक्याच्या बाबतीत त्यासाठी १३ ते १४ टक्के ओलावा लागतो. दाणा साधारण १८० अंश सेल्सिअसला पोचला की फुटतो, तेव्हा आतला दाब हवेच्या दाबाच्या नऊ-दहा पट असतो. हा दाब धरून ठेवणारं टणक कवच पॉपकॉर्नच्या वेगळ्या जातीलाच असतं. आपल्या भागात शेतकरी जनावरांसाठी आणि कोंबडीखाद्यासाठी पिकवतात तो मका कढईत टाकला तर नुसता भाजून निघतो.

ही जात मूळची अमेरिका खंडातली. पेरूच्या किनाऱ्यावर उत्खननात सापडलेल्या कणसांवरून तिथं सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीही मक्याच्या लाह्या खात असत, असं २०१२मध्ये संशोधकांनी मांडलं. टॉकीजची चव मात्र इतकी जुनी नाही. ती सुरू होते शिकागोत, चार्ल्स क्रेटर्स नावाच्या माणसाच्या गाडीवर.

क्रेटर्सनं १८८५मध्ये शेंगदाणे भाजायच्या यंत्रांचा धंदा सुरू केला. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यानं वाफेच्या इंजिनावर चालणारी पॉपकॉर्नची गाडी आणली. तोवर फेरीवाले जाळीच्या टोपलीत, उघड्या आगीवर कोरडेच दाणे फोडत. एक भाग कढवलेलं लोणी, दोन भाग डुकराची चरबी आणि मीठ अशा मिश्रणात दाणे थेट फोडायचे, ही क्रेटर्सची करामत. कढवलेलं लोणी म्हणजे आपलं तूपच की! दाणा सगळीकडून सारखा तापे आणि फुलतानाच त्याला स्निग्धपणा आणि मीठ लागे. पुढं जे झालं ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे. गाडीवर ‘टोस्टी रोस्टी’ नावाचा एक यांत्रिक विदूषकही बसवलेला असे, दांडा फिरवतोय असं दिसणारा. डिस्नेलँडच्या पॉपकॉर्नगाड्यांमध्ये आजही तशाच छोट्या बाहुल्या दांडा फिरवत बसलेल्या असतात. ही सगळी जत्रेची विद्या. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यापाशी काचेच्या पेटीत लाह्या उसळू लागल्या की पोरं जागची हलत नाहीत, ती याच विद्येच्या जोरावर.

सिनेमावाल्यांना मात्र पॉपकॉर्न दारातही नको होतं. मूकपटांच्या काळात अमेरिकेतली मोठी चित्रपटगृहं नाटकघरांसारखी थाटाची, गालिचे अंथरलेली. त्यात चघळण्याचा आवाज आणि सांडलेल्या लाह्या कोण सहन करणार? १९२७नंतर बोलपट आले, प्रेक्षक वाढला आणि आवाजाची अडचण आपोआप गेली. पाठोपाठ महामंदी आली. पाच-दहा सेंटची पुडी गरिबालाही परवडे. फेरीवाले चित्रपटगृहाबाहेर गाड्या लावून कमावू लागले, तेव्हा मालकांचे डोळे उघडले. कॅन्सस सिटीत ज्युलिया ब्रेडन या बाईंनी लिनवुड थिएटरच्या मालकाला पटवून आत जागा मिळवली आणि १९३१पर्यंत त्यांचे चार स्टॉल झाले. मग मालकांनी भाडं घेण्यापेक्षा स्वतःचीच यंत्रं बसवली. तिकिटाच्या पैशात वितरक वाटेकरी असतो, लाह्यांच्या पैशात कुणी नाही. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशन आलं, गोळ्या-चॉकलेटं दिसेनाशी झाली आणि रान मोकळं मिळालं. १९४५पर्यंत अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या पॉपकॉर्नपैकी निम्म्याहून जास्त चित्रपटगृहांत खाल्लं जात होतं.

धंदा एवढा वाढल्यावर लोणी आणि चरबी मागं पडली आणि खोबरेल तेल आलं. ते जास्त तापमानाला टिकतं, लवकर खवट होत नाही आणि थंड झाल्यावर लाहीवर घट्टसर बसतं, त्यामुळे हात कमी माखतात. त्यात पिवळा रंग घातला की बटर घातल्यासारखं दिसतं. १९९४मध्ये वॉशिंग्टनच्या एका ग्राहक संस्थेनं या तेलातल्या संपृक्त चरबीवर बोट ठेवलं, मोठा गहजब झाला आणि अनेक चित्रपटगृहांनी तेल बदललं. चव बदलल्याची कुरकूर झाली ती वेगळीच.

मीठही साधं नसतं. तिकडच्या यंत्रांत जे मीठ घालतात ते पावडरीसारखं बारीक, पिवळं आणि बटरच्या वासाचं असतं. फ्लॅव्हाकॉल हे त्यातलं प्रसिद्ध नाव. ते वरून भुरभुरत नाहीत, तेलासोबत किटलीतच, म्हणजे यंत्रातल्या दाणे फोडायच्या भांड्यातच घालतात. वरून पंपानं सोडतात ते ‘बटर’ही तिथं बहुतेक ठिकाणी रंग आणि वास घातलेलं तेलच असतं.

आपल्याकडे हे सगळं मल्टिप्लेक्ससोबत आलं. १९९७मध्ये दिल्लीत साकेतला देशातलं पहिलं मल्टिप्लेक्स सुरू झालं आणि पुढं शहरोशहरी तोच नमुना गेला. गिरण्यांच्या सोलापुरात सिनेमाचं वेड जुनं, पण एकपडदा टॉकीजचं इंटरव्हल म्हणजे शेंगदाण्याची पुडी, वडा आणि सोडा. पॉपकॉर्न हे मल्टिप्लेक्सचं खाणं, दरही तसाच. तो दर २०१८मध्ये महाराष्ट्रात आंदोलनाचा विषय झाला. बाहेरचे पदार्थ आत नेऊ द्यायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार चित्रपटगृहांचाच, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३मध्ये सांगून टाकलं. डिसेंबर २०२४मध्ये तर खारं पॉपकॉर्न आणि कॅरॅमलचं पॉपकॉर्न यांना वेगळा जीएसटी, यावर देशभर विनोद झाले. एकूण काय, घरी करून बघायला आता कारणं पुष्कळ आहेत.

इतिहास माहीत असला की घरची कृती सोपी होते. अडचण एकच, खोबरेल. आपल्या घरात त्याची जागा डोक्याला, कढईत शेंगदाण्याचं नाहीतर करडईचं तेल. करडईच्या तेलात लाह्या चांगल्या होतात, पण टॉकीजची आठवण येणार नाही. त्यासाठी खाण्याचं, वास काढलेलं रिफाइंड खोबरेल आणावं. अर्ध्या वाटी दाण्यांना तीन चमचे पुरे. तेलात चिमूटभर हळद घातली तर रंग येतो, जास्त झाली तर पिठल्याचा वास. मीठ मिक्सरमधून काढून पिठासारखं करावं आणि तेलातच घालावं. जाड बुडाच्या पातेल्यात आधी दोन-तीन दाणे टाकावेत, ते फुटले की बाकीचे. झाकण किंचित तिरकं ठेवावं, नाहीतर वाफ आत कोंडून लाह्या चिवट होतात. वरून काही हवंच असेल तर तूप. बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, लाह्या मऊ पडतात त्या त्यामुळेच.

एवढं करूनही तळाशी न फुटलेल्या दाण्यांचा थर राहिला तर दोष बहुधा दाण्यांचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पुडी उघडी राहिली की दाणे आतून वाळतात. असे दाणे बरणीत घालून, वाटीला अर्धा चमचा पाणी शिंपडून, झाकण घट्ट लावून तीन-चार दिवस ठेवावेत आणि दिवसातून एकदा बरणी हलवावी. पुन्हा फुलू लागतात.