चांगली प्रत कुठून आणायची? विंडोजच्या सिस्टिम फाइल दुरुस्तीची पार्श्वभूमी

लॅपटॉप अडखळायला लागला, स्टार्ट मेनू उघडेना, की कुणीतरी सांगतंच: कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघड आणि ‘एसएफसी स्कॅन-नाऊ’ ही विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड चालव. काळ्या खिडकीत टक्के हळूहळू वर सरकतात, शंभर होतात आणि खाली ओळ उमटते: बिघडलेल्या फाइली सापडल्या, पण त्यातल्या काही दुरुस्त करता आल्या नाहीत. इथे बरेच जण हात टेकतात आणि लॅपटॉप फॉरमॅटला नेऊन देतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्या ओळीनंतरही बरंच करता येतं. ती ओळ का येते हे समजायला मात्र पंचवीसेक वर्षं मागे जावं लागतं. एवढ्या काळात मायक्रोसॉफ्टला एकाच प्रश्नाने छळलं आहे: बिघडलेल्या फाइलीच्या जागी ठेवायची चांगली प्रत कुठून आणायची?

नव्वदच्या दशकात विंडोजच्या सिस्टिम फोल्डरला कुलूप नव्हतं. अनेक प्रोग्रॅम ज्या सामाईक फाइली वापरतात त्या डीएलएल तिथेच असत, आणि नवा प्रोग्रॅम टाकला की तो आपल्या सोयीची आवृत्ती खुशाल तिथे ठेवून जाई. आज एखादा खेळ टाकला आणि उद्या दुसराच प्रोग्रॅम उघडेना, असं होई. या गोंधळाला ‘डीएलएल हेल’ असं नावच पडलं.

जून १९९८ मध्ये विंडोज ९८ आलं आणि त्याच्यासोबत ‘सिस्टिम फाइल चेकर’, म्हणजेच एसएफसी. तेव्हा तो साधा खिडकीतला प्रोग्रॅम होता. फाइलींची जुनी नोंद आणि आजची स्थिती तो ताडून बघे, आणि फरक दिसला की वापरणाऱ्यालाच विचारे: मूळ फाइल परत आणू, की बदललेली फाइलच बरोबर धरून नोंद सुधारू? मूळ फाइल यायची ती विंडोजच्या सीडीतून. पण बदललेली फाइल खराब आहे की नुसती नवी आहे, हे घरात बसलेल्या माणसाने कशावरून ठरवायचं? चुकीचं बटण दाबलं की खराब फाइलच ‘बरोबर’ म्हणून नोंदली जाई.

विंडोज २००० ने हा निर्णय माणसाच्या हातातून काढून घेतला. महत्त्वाच्या फाइलींवर पहारा बसला. कुणी फाइल बदलली की ‘डीएलएल-कॅश’ नावाच्या फोल्डरातली जपून ठेवलेली प्रत गुपचूप जागेवर येई. ऑक्टोबर २००१ मधल्या एक्सपीबरोबर ही सोय घराघरांत पोचली. कॅशमध्ये प्रत नसली तर मात्र पडद्यावर सीडीची मागणी येई. आणि लॅपटॉपबरोबर बहुधा सीडी मिळतच नसे, डिस्कवरच राखून ठेवलेला रिकव्हरी पार्टिशन नावाचा भाग असे. उसनी आणलेली सीडी जुन्या एक्सपीची आणि लॅपटॉपवर २००४ चा सर्व्हिस पॅक २ (एक्सपीची मोठी सुधारणा), असं असलं तर ती चालत नसे.

त्या वर्षांत फाइली बिघडण्याचं एक कारण आपल्या भिंतीतच होतं. महाराष्ट्रात लोडशेडिंग जोरात होतं. लॅपटॉपला बॅटरी असते हे खरं, पण ती निकामी झाली की कायम चार्जरवर चालणाऱ्या लॅपटॉपची गत डेस्कटॉपसारखीच होते. अपडेट चालू असताना वीज गेली की लिहिणं अर्धवट राहतं. एक्सपीसोबत घरात आलेली एनटीएफएस फाइल व्यवस्था स्वतःचा हिशेब नोंदवहीतून परत जुळवते, पण ती फाइलींच्या नावांचा आणि जागांचा हिशेब असतो. फाइलीतला मजकूर पूर्ण उतरला की नाही, याची हमी ती देत नाही.

आजच्या लॅपटॉपची घडण ठरली ती जानेवारी २००७ मधल्या व्हिस्टाने. डीएलएल-कॅश गेलं आणि विंडोज फोल्डरातलं ‘विन-एसएक्सएस’ हे सिस्टिम फाइलींच्या प्रतींचं कोठार बनलं. सिस्टिम फाइलींची मालकी विंडोजच्याच ‘ट्रस्टेड इन्स्टॉलर’ या सेवेकडे गेली, ॲडमिनिस्ट्रेटरलासुद्धा त्या सहज बदलता येईनात. यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळल्यावर सुरुवातीच्या त्या ओळीचा अर्थ लागला. सिस्टिम-३२ या विंडोजच्या मुख्य फोल्डरातली फाइल आणि कोठारातली तिची प्रत या बहुतेक वेळा दोन फाइली नसतातच. डिस्कवर मजकूर एकच असतो, त्याला नावं दोन. याला हार्ड लिंक म्हणतात. बाळाचं पाळण्यातलं नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं असतं, तसंच हे. एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उडवून दुसरी ठेवली तर एकच नाव सुटतं, कोठारातली प्रत शाबूत राहते आणि एसएफसी ती जोडून देतो. पण डिस्कवरचा मजकूरच खराब झाला तर दोन्ही नावं एकदम आजारी पडतात. एसएफसी कोठारात जातो, तिथली प्रतही खराब निघते आणि तो तसं प्रामाणिकपणे कळवतो.

मग कोठाराची दुरुस्ती कोण करणार? व्हिस्टा आणि विंडोज ७ साठी वेगळं साधन उतरवून घ्यावं लागे, शेकडो एमबीचं. तेव्हा आपल्याकडे २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, त्यामुळे ते उतरायला कित्येक तास जात. ऑक्टोबर २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिझम’ या कमांडला ‘रिस्टोअर हेल्थ’ हा पर्याय मिळाला. तो कोठार तपासतो आणि खराब भाग विंडोज अपडेटच्या सर्व्हरवरून आणतो. म्हणून आधी डिझम आणि मग एसएफसी. हाच क्रम उलटा केल्याने कित्येकांची मेहनत फुकट जाते. डिझम मध्येच एखाद्या आकड्यावर बराच वेळ थांबून राहतो, तेव्हा खिडकी बंद करू नये. नेट नसेल तर आयएसओ फाइलीतून (विंडोजच्या डिस्कची फाइलरूप प्रत) ती देता येते, पण ती त्याच आवृत्तीची हवी.

१९९८ चा प्रश्न तरीही पुरता सुटला नव्हता. जुलै २०१९ मध्ये चांगल्याभल्या लॅपटॉपवर एसएफसी बिघाड दाखवू लागला. विंडोज डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसच्या काही पॉवरशेल (कमांडच्या) फाइली वेगळ्या वाटेने अपडेट झाल्या होत्या आणि कोठारातल्या नोंदीशी जुळत नव्हत्या. फाइली नव्या होत्या, खराब नव्हत्या. चूक आपल्याकडची आहे, हे मायक्रोसॉफ्टने मान्य केलं.

नात्यातल्या एका मावशींचा लॅपटॉप मी एका पावसाळ्यात तीनदा दुरुस्त केला. दर वेळी डिझम आणि एसएफसी दोन्ही सुरळीत पार पडत आणि दोनेक आठवड्यांत तीच तक्रार परत येई. शेवटी विंडोज फोल्डरातल्या लॉग्जमधली ‘सीबीएस’ ही नोंद उघडून ‘एसआर’ खुणेच्या ओळी वाचल्या. दर वेळी फाइली वेगळ्याच होत्या. मग डिस्क तपासणारी चेक-डिस्क कमांड चालवली आणि खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचेच बिघडलेले भाग, निघाले. त्या संध्याकाळी पुढची कमांड दिलीच नाही. आधी त्यांच्या नातवंडांचे फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी नवी डिस्क आणली.