शुगरच्या गोळीनं किडनी जाते का?

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांत एक समज घट्ट बसला आहे: शुगरची गोळी सुरू केली की किडनी जाते. त्यापायी लोक गोळी सोडून नुसत्या कारल्याच्या रसावर राहतात. जीव तुटतो हे पाहून.

मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरसाठी नेहमी दिली जाणारी गोळी, किडनी खराब करत नाही. यकृत रक्तात सोडतं ती साखर ती कमी करते. किडनी पोखरते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर. मग समज आला कुठून? ही गोळी लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून किडनी आधीच कमजोर असेल तर डॉक्टर डोस कमी करतात, ईजीएफआर (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) 30 च्या खाली गेला तर बंदच करतात. लोकांना बंद झालेली गोळी दिसते, आधीचा आजार दिसत नाही.

खरं जपायचं ते ग्लिमेपिराइड या शुगरच्या दुसऱ्या गोळीला. ती घेऊन उपाशीपोटी कापूस वेचायला गेलं तर साखर एकदम उतरू शकते: हात थरथरतात, दरदरून घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. ऊन लागलं समजून माणसाला सावलीत निजवतात आणि वेळ जातो. शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा.